चेहरा कोणासमोर बोलतो?

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका जिल्हा न्यायालयात ॲट्रॉसिटीच्या एका खटल्याच्या सुनावणीला बसण्याचा योग आला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात साठी उलटलेली एक आजी उभी होती. तिच्या मुलाला गावात मारहाण झाली होती आणि ती तिने डोळ्यांनी पाहिली होती. आरोपी समोरच्या बाकावर बसलेले, त्यांचे भाऊबंद मागे, आणि आजीच्या बाजूने आलेले आम्ही चार-पाच जण दारापाशी उभे. उलटतपासणी सुरू झाली. मुलाला कोणी धरले, काठी कोणाच्या हातात होती, असे प्रश्न येऊ लागले आणि आजीच्या ओठांवर एक विचित्र हसू आले. प्रत्येक उत्तराआधी ती पदराने तोंड झाकायची, पण ते हसू काही लपेना. आरोपीच्या वकिलांनी ही संधी साधली. ते न्यायाधीशांना म्हणाले, “साहेब, जिच्या डोळ्यांदेखत मुलाचा हात मोडला म्हणतात, ती बाई हसते आहे. याची नोंद व्हावी.”

न्यायाधीशांनी विचारले, “बाई, हसता कशाला?”

आजी म्हणाली, “हासत न्हाई साहेब. भ्याव वाटलं की तोंड असंच व्हतंय.”

मागच्या बाकावर मात्र कोणीतरी खरोखरच हसले.

त्या खटल्याचे पुढे काय झाले हा या लेखाचा विषय नाही. विषय आहे तो आजीच्या त्या हसण्याचा. चेहऱ्यावर जे दिसते ते मनात असतेच काय? जगातील सर्व माणसांचे राग, भीती, दुःख चेहऱ्यावर सारखेच उमटतात काय? आणि ते वाचण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, त्यांना ते वाचता येते असे कोणी ठरवले? हे प्रश्न वरवर पाहता मानसशास्त्राच्या प्राध्यापकांचे वाटतील. परंतु ज्या समाजाला शतकानुशतके मान वर करून पाहण्याचीही मुभा नव्हती, त्या समाजासाठी हे रोजच्या जगण्याचे प्रश्न आहेत.

या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो चार्ल्स डार्विनपासून. मानव आणि प्राणी यांच्या भावनांच्या आविष्कारावरील त्याचा ग्रंथ १८७२ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी सर चार्ल्स बेल यांच्यासारखे विद्वान असे मानत की, माणसाच्या चेहऱ्याचे काही स्नायू केवळ भावना व्यक्त करण्यासाठी ईश्वराने खास घडवले आहेत. मानवाचे निरनिराळे वंश मुळातच वेगळे, असे सांगणारेही पुष्कळ होते. डार्विनला दोन्ही म्हणणी मान्य नव्हती. सर्व माणसे एकाच मुळातून आली असतील तर त्यांचे हसणे-रडणेही मुळात एकच असले पाहिजे, असा त्याचा तर्क होता. तो तपासण्यासाठी त्याने १८६७ साली एक छापील प्रश्नावली जगभर धाडली. आश्चर्य वाटले की डोळे आणि तोंड उघडते काय, भुवया वर जातात काय, लाज वाटली की चेहरा लाल होतो काय, नकार देताना मान हलते काय, असे ते प्रश्न होते. ३६ जणांनी उत्तरे पाठवली. उत्तरे देणारे बहुतेक मिशनरी, वसाहतींतील अंमलदार आणि तेथे राहणारे गोरे लोक होते. म्हणजे चेहरे राज्य केल्या जाणाऱ्यांचे आणि ते वाचणारे राज्यकर्त्यांच्या बाजूचे, अशी ती व्यवस्था होती.

या ३६ जणांत आपल्या महाराष्ट्राशी संबंध असलेला एक माणूस आहे. अर्स्किन नावाचे एक साहेब तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, राहून गेले होते. त्यांनी तेथील लोकांचे चेहरे डार्विनसाठी न्याहाळले. परंतु खात्रीने काही सांगणे त्यांना फार अवघड गेले. डार्विनने त्याचे कारण ग्रंथात नमूद करून ठेवले आहे. ते असे की, हे लोक गोऱ्या माणसासमोर आपल्या सर्व भावना लपवून ठेवतात आणि ही त्यांची सवयच झालेली आहे.

वाचकांनी या एका वाक्यापाशी थोडे थांबावे. नगरच्या माणसाला राग येत नव्हता असे नाही. त्याला दुःख होत नव्हते असेही नाही. पण समोर साहेब असला की चेहऱ्याला कुलूप लागत असे. डार्विनने हे अभ्यासातील अडचण म्हणून नोंदवले. वास्तविक पाहता तोच त्या अभ्यासाचा फार मोठा निष्कर्ष होता. चेहरा नुसता बोलत नाही, तो कोणासमोर तरी बोलतो. आणि नगर जिल्ह्यातील ज्या माणसाने साहेबापुढे चेहरा मिटून घेतला, तोच माणूस गावच्या पाटलापुढे, कुलकर्ण्यापुढे, सावकारापुढे काय करीत असेल, हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

डार्विननंतर जवळजवळ शंभर वर्षांनी पॉल एकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. १९६७-६८ साली तो पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातील फोरे लोकांकडे गेला. सिनेमा, मासिके, परके लोक यांच्याशी त्यांचा फारसा संबंध आलेला नव्हता. एकमनने त्यांना छोट्या गोष्टी सांगितल्या. एकाचे मूल मेले आहे. एकजण भांडायच्या तयारीत आहे. एकजण घरात एकटा आहे, जवळ चाकू नाही, कुऱ्हाड नाही आणि दारात रानडुक्कर उभे आहे. मग पाश्चात्त्य माणसांची छायाचित्रे पुढे ठेवून यातला चेहरा कोणता, असे विचारले. फोरे लोकांनी आनंद, दुःख, राग, किळस बहुतांशी बरोबर ओळखले. भीती आणि आश्चर्य यांत मात्र त्यांना फरक करता आला नाही. पुढे फोरे लोकांनीच करून दाखवलेले चेहरे अमेरिकेतील विद्यार्थ्यांना दाखवले, तेव्हा त्यांचाही घोटाळा नेमका त्याच दोन ठिकाणी झाला.

दुसरा पुरावा त्याहून बोलका आहे. २००४ साली अथेन्स येथे ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक स्पर्धा झाल्या. त्यांतील ज्युदो खेळाडूंच्या चेहऱ्यांचा अभ्यास मात्सुमोटो आणि विलिंगहॅम या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केला. जन्मापासून अंध असलेल्या, म्हणजे आयुष्यात एकही चेहरा न पाहिलेल्या खेळाडूंच्या तोंडावर हार-जीत उमटली, ती डोळस खेळाडूंसारखीच. हे त्यांना कोणी पाहून शिकवलेले नव्हते.

यातून एक गोष्ट निर्विवाद दिसते. माणसाच्या भावनेचे कच्चे सूत एकच आहे. जन्मावरून माणसामाणसांत भेद सांगणाऱ्या प्रत्येक ग्रंथाला, प्रत्येक धर्ममार्तंडाला हे उत्तर आहे. ब्राह्मणाच्या लेकराचे रडणे आणि मांगाच्या लेकराचे रडणे यांत निसर्गाने फरक केलेला नाही. म्हणून माणूस एक आहे हे सांगणारे विज्ञान आपल्याला जवळचे वाटते आणि ते वाटलेच पाहिजे.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. सूत एक असले तरी त्याचे विणकाम प्रत्येक समाज आपापल्या परीने करतो. त्याच पापुआ न्यू गिनीमध्ये समुद्रातील ट्रोब्रियांड बेटे आहेत. तेथे कार्लोस क्रिव्हेली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेले संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. डोळे विस्फारलेला आणि तोंड उघडलेला जो चेहरा युरोप-अमेरिकेत भ्यालेला समजतात, तोच चेहरा ट्रोब्रियांडच्या तरुणांनी धमकावणारा, अंगावर येणारा म्हणून ओळखला. म्हणजे एकाच्या लेखी जो घाबरला आहे, तो दुसऱ्याच्या लेखी मारायला उठला आहे. आफ्रिकेत नामिबियातील हिम्बा लोकांना छायाचित्रांचे गट पाडायला सांगितले, तेव्हा त्यांनी ‘आनंदी’, ‘भ्यालेला’ असे मनाचे शब्द फारसे वापरले नाहीत. हा हसतो आहे, हा कशाकडे तरी पाहतो आहे, अशी कृतीची नावे दिली. हा अभ्यास २०१४ सालचा आहे. चेहऱ्यावरून मनात शिरण्याची घाई त्यांनी केली नाही, असेच म्हटले पाहिजे.

आपल्या देशातील उदाहरण तर प्रत्येकाच्या घरातले आहे. चूक झाली, नको ते बोलून गेलो की आपण जीभ चावतो. जॉनथन हाइट आणि डॅकर केल्टनर यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जीभ चावलेला चेहरा ओरिसातील आणि अमेरिकेतील लोकांना दाखवला होता. ओरिसातील लोकांनी ती लाज, ओशाळलेपण म्हणून ओळखली. अमेरिकनांना तिचा अर्थ तसा लागला नाही. आपली मान डोलावणेही असेच आहे. परदेशी माणसाला ते ‘हो’ की ‘नाही’ हेच कळत नाही. आपल्याला मात्र त्यात होकार, समजूत आणि कधी कधी नुसती भिडस्त टाळाटाळही दिसते.

आता सर्वांत महत्त्वाच्या प्रयोगाकडे येऊ. एकमन आणि त्याचा सहकारी फ्रिसन यांनी जपानी आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना अंगावर काटा आणणाऱ्या शस्त्रक्रियेच्या फिती दाखवल्या. विद्यार्थी एकटे असताना छुप्या कॅमेऱ्याने त्यांचे चेहरे टिपले. दोन्ही देशांच्या विद्यार्थ्यांचे चेहरे सारखेच आक्रसले. नंतर खोलीत संशोधक येऊन बसला. तो समोर असताना जपानी विद्यार्थी ते किळसवाणे दृश्य पाहतानाही अधिक हसरा चेहरा ठेवू लागले. १९७२ साली मांडलेल्या या प्रयोगावरून एकमनने सांगितले की, कोणासमोर कोणती भावना दाखवायची आणि कोणती गिळायची याचे प्रत्येक समाजाचे अलिखित नियम असतात.

जपानी विद्यार्थ्यांचा तो नियम शिष्टाचाराचा होता. आपल्याकडील नियम गुलामीचा होता. जोहार घालताना मान कुठे असावी, नजर कुठे असावी, आवाज किती असावा हे गावाने ठरवून दिले होते. वरच्या जातीच्या माणसाकडे रोखून पाहणे हा गुन्हा, त्याच्यासमोर मोकळे हसणे हा माज, मिशीला पीळ देणे हा तर उद्दामपणाच. हे फार जुने झाले असे कोणी म्हणू नये. गुजरातमध्ये गांधीनगर जिल्ह्यात मिशी ठेवली म्हणून दलित तरुणांना मारहाण झाल्याच्या तक्रारी २०१७ साली देशभर गाजल्या. ज्या समाजात ओठावरच्या केसांचीही मालकी दुसऱ्याकडे आहे असे मानले जाते, त्या समाजात ओठावरचे हसू स्वतंत्र कसे असेल? आजीने पिंजऱ्यात जे केले ते तिच्या आईने, आजीने हयातभर केले होते. समोर मालक असला की रडायचे नाही, रागवायचे तर नाहीच नाही. मग उरते काय? ओशाळे हसू. ते तिच्या अंगवळणी पडलेले कवच होते आणि आरोपीच्या वकिलांनी त्यालाच पुरावा ठरवले.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दबलेल्यांचा चेहरा जसा घडवला गेला, तसा दाबणाऱ्यांचाही घडवला गेला. नाक मुरडणे ही माणसाची फार जुनी क्रिया आहे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या जिभेवर कडू थेंब ठेवला तर ते तोंड वाकडे करते. विषारी, नासके पदार्थ पोटात जाऊ नयेत म्हणून निसर्गाने दिलेले हे संरक्षण आहे. पण कशाची किळस वाटावी यातला फार मोठा भाग माणूस वाढता वाढता शिकतो. कोणत्याही बाळाला दुसऱ्या बाळाची जात पाहून किळस येत नाही. विटाळ हा शब्द त्याच्या कानावर घालावा लागतो, पाणी वरून ओतताना त्याला दाखवावे लागते, कपबशी वेगळी ठेवावी लागते. मग एक दिवस त्याचे नाक आपोआप मुरडते आणि हे नैसर्गिक आहे असे त्याला वाटू लागते. नाकाचा स्नायू निसर्गाचा, पण तो माणसाला पाहून आवळायला शिकवले ते मनुस्मृतीच्या व्यवस्थेने. अस्पृश्यता कायद्याने गेली, तरी भाड्याने घर मागायला गेल्यावर आडनाव सांगताच घरमालकाच्या कपाळावर उमटणारी आठी अजून गेलेली नाही. ती आठी आपले लोक अचूक वाचतात. त्यासाठी त्यांना कोणत्याही विद्यापीठात जावे लागत नाही.

प्रस्थापितांनी आपले चेहरे केवळ वाचले नाहीत, तर मोजलेही. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणावरून जातींची वांशिक उतरंड लावण्याचा खटाटोप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात डॉ. घुर्ये यांनी दिलेली नाकाच्या मोजमापांची आकडेवारीच हाती घेतली आणि त्यावरून दाखवून दिले की, ब्राह्मण आणि अस्पृश्य हे एकाच वंशाचे आहेत. मोजणाऱ्यांच्याच फुटपट्टीने बाबासाहेबांनी त्यांचा सिद्धांत मोडीत काढला. ही पद्धत आपण विसरता कामा नये. कारण आज फुटपट्टीच्या जागी यंत्र आले आहे.

अमेरिकेत विमानतळांवर प्रवाशांचे चेहरे आणि हालचाली पाहून संशयित ओळखण्याची एक योजना २००७ पासून राबवण्यात आली. तिच्यावर सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाले. २०१३ साली तेथील सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने सांगितले की, अशा खुणांवरून खोटे बोलणारा ओळखण्याची माणसाची कुवत नाणे उडवून कौल घेण्याइतकीच किंवा त्याहून किंचित बरी आहे. २०१८ साली लॉरेन ऱ्हू या संशोधिकेने बास्केटबॉल खेळाडूंची छायाचित्रे भावना ओळखणाऱ्या संगणकीय प्रणालींना दाखवली, तेव्हा त्यांनी काळ्या खेळाडूंच्या चेहऱ्यांत गोऱ्यांपेक्षा अधिक राग आणि तिरस्कार पाहिला. यंत्राला जात नसते, वर्ण नसतो असे आपल्याला सांगितले जाते. पण यंत्राला शिकवणाऱ्यांना तो असतो. २०१९ साली लिसा फेल्डमन बॅरेट आणि इतर चार शास्त्रज्ञांनी शेकडो अभ्यास तपासले. त्यांत असे दिसले की, राग आलेला असताना माणसे कपाळाला आठ्या घालतात ते सरासरी सुमारे ३० टक्के वेळाच. उरलेल्या वेळी राग कुठे असतो? तो गप्प असतो, रडतो, कधी हसतोही. आजीचे म्हणणे शास्त्राला धरून होते.

युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या कायद्यानुसार कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत माणसाच्या भावना ओळखणारी यंत्रे वापरण्यास २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा तेवढा अपवाद ठेवला आहे. आपल्याकडे मात्र २०२१ च्या जानेवारीत लखनौ पोलिसांनी स्त्रियांच्या चेहऱ्यावरील हावभाव पाहून संकट ओळखणारे कॅमेरे लावण्याची योजना जाहीर केली होती. उद्या हेच यंत्र मुलाखतीला, परीक्षेला, पोलीस ठाण्यात आले तर ते कोणाचा चेहरा ‘प्रामाणिक’ ठरवील आणि कोणाचा ‘संशयास्पद’, याचा अंदाज बांधणे कठीण नाही.

पण उद्याचे यंत्र कशाला, आजचा कायदाच पाहू. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २८० प्रमाणे न्यायाधीशाने साक्षीदाराच्या साक्ष देतानाच्या वर्तनाविषयी महत्त्वाचे वाटतील ते शेरे नोंदवायचे असतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ही तरतूद कायम आहे. अपिलात वरचे न्यायालय खालच्या न्यायाधीशांच्या या प्रत्यक्ष पाहण्याला वजन देते. म्हणजे आजीच्या हसण्याचा एक शेरा वरपर्यंत जाऊ शकतो. त्या शेऱ्यात ती हसली एवढेच येईल. तिच्यापासून हाताच्या अंतरावर आरोपी बसले होते, मागे त्यांचे भाऊबंद होते आणि संध्याकाळी तिला त्याच गावात परतायचे होते, हे त्यात कोण लिहिणार?

म्हणून आपल्या वकील मंडळींना आणि कार्यकर्त्यांना एक सांगणे आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली झालेली आणि २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेली दुरुस्ती नीट वाचा. कलम १५-अ मध्ये पीडितांचे आणि साक्षीदारांचे हक्क आहेत, त्यांच्या संरक्षणाची जबाबदारी आहे, कामकाजाचे चित्रीकरण करण्याची तरतूदही आहे. हे चित्रीकरण मागून घ्या. पण कॅमेऱ्याचे तोंड फक्त पिंजऱ्याकडे नको, समोरच्या बाकांकडेही हवे. साक्षीदाराच्या वर्तनाचा शेरा लिहिला जात असेल तर त्याच्यासमोर कोण बसले होते, हेही नोंदवण्याचा अर्ज करा. साक्षीच्या आदल्या दिवशी साक्षीदाराला नुसते ‘घाबरू नका’ म्हणू नका. रडू आले तर रडा, राग आला तर येऊ द्या, येथे तुम्हाला कोणाला जोहार घालायचा नाही, हे त्याला घरी जाऊन सांगा.

त्या दिवशी सुनावणी संपल्यावर आजीला घेऊन आम्ही न्यायालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर आलो. आरोपी नव्हते, वकील नव्हते, साहेब नव्हते. कोणीतरी तिच्या हातात चहाचा ग्लास दिला. ग्लास ओठाला लावण्याआधीच तिचे तोंड वेडेवाकडे झाले आणि ती ढसाढसा रडू लागली. तो चेहरा नोंदवायला मात्र तेथे कोणीही नव्हते.